येशू ‘तारतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी वसईपासून गोव्यापर्यंत चर्चच्या आवारातल्या दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळलेल्या असतात. थडगी धुऊन त्यांवर फुलं घातलेली, घरची माणसं भोवती उभी आणि फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतायत. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला अशा वेळी एक रास्त शंका येते. येशूने आमचं तारण केलं, असं ही मंडळी वर्षभर सांगतात. मग जे आधीच तरले, त्यांच्यासाठी आता प्रार्थना कशाला? आणि तरले नसतील, तर तारण केलं म्हणजे नक्की काय केलं?

शंका खुळी नाही. याच प्रश्नावरून ख्रिस्ती पंडित दोन हजार वर्षं भांडत आले आहेत आणि युरोपातलं चर्च सोळाव्या शतकात दुभंगलं ते मुख्यतः यावरूनच.

एकच शब्द, दोन धंदे

कोकणातल्या तालुक्याच्या बाजारपेठेत पतपेढीच्या दारावर ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी असते. मराठी बायबलातही शब्द तारणच. पतपेढीत तारण म्हणजे गहाण ठेवलेला डाग, बायबलात बुडत्याला पार नेणं. योगायोग म्हणा, पण ख्रिस्ती विचारात तारणाची जी मोठी चित्रं आहेत त्यांतली दोन हीच आहेत, एक समुद्राचं आणि एक कर्जाचं. तिसरं आजारपणाचं.

ते तिसरं मराठीत सहज दिसत नाही. नव्या करारातलं, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागातलं, मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’. त्याचा अर्थ संकटातून वाचवणं आणि दुखण्यातून बरं करणंही. मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येते. तिला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. लूकच्या सातव्या अध्यायात पापी म्हणून गाव जिला ओळखतं ती बाई येते. तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारलं. ग्रीकमध्ये ही दोन्ही वाक्यं अक्षरशः एक आहेत. मराठी अनुवादकाने प्रसंग पाहून शब्द बदलला. त्यात चूक नाही, पण आजार आणि पाप यांना बांधणारी दोरी वाचकाच्या हातून सुटली.

तारायचं कशापासून?

आपल्याकडे मुक्ती म्हटली की जन्ममरणाचा फेरा डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्ती विचारात फेरा नाही. जन्म एकच, मरण एकदाच, मग न्याय. संकट आहे ते पापाचं आणि मरणाचं. पापासाठीचा ग्रीक शब्द ‘हमार्तिया’, म्हणजे नेम चुकणं. देवाच्या रोखाने जायचं होतं, दिशा भलतीकडे गेली. आणि शेवट आत्म्याने देह टाकून निघून जाण्यात होत नाही. देहासकट पुन्हा उठण्यात होतो. म्हणूनच दफनभूमीला इतकं महत्त्व.

‘आदामाने फळ खाल्लं, त्यात माझा काय गुन्हा?’ हा आक्षेप हमखास येतो. इथे पूर्व आणि पश्चिम वेगळे बोलतात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या बिशप ऑगस्टीनच्या मते दोषही वारशाने येतो. ग्रीक परंपरा म्हणते, आपल्याला मरण आणि बिघडलेला कल मिळाला, गुन्हा ज्याचा त्याचा. पऱ्ह्याच्या उगमाशी घाण पडली की खालच्या सगळ्या पाणवठ्यांवर पाणी गढूळ येतं. त्यासाठी खालच्या वाडीला कोणी दोषी धरत नाही, तरी पाणी पिऊन आजारी तीच पडते. ग्रीकांचं म्हणणं साधारण असं.

खंडणी, पण कोणाला?

मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. आज खंडणी म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, पण मूळ शब्द युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवण्याच्या किमतीचा आहे. चित्र सरळ आहे, माणूस पापाच्या कैदेत होता, कोणीतरी मोल देऊन त्याला सोडवलं.

चित्र जरा ओढलं की फाटतं. खंडणी घेतली कोणी? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनच्या लिखाणात उत्तर आहे, सैतानाने. चौथ्या शतकात न्यासाच्या ग्रेगरीने यावर एक उपमा रचली, ती गरवायला बसणाऱ्याला लगेच कळेल. ख्रिस्ताचा मानवी देह हे आमिष, आतलं देवत्व ही गरी. सैतानाने नेहमीचा घास समजून गिळलं आणि आतल्या पोलादाने त्याचाच घसा फाडला.

त्याच काळातला आणि त्याच वर्तुळातला नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र संतापला. दरोडेखोराला खंडणी, आणि तीही खुद्द देवाची? हे लाजिरवाणं आहे, असं त्याने लिहिलं. त्याचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. गरीची उपमा चविष्ट आहे, पण तिच्यात देव फसवून जिंकतो. उपमा कुठे सोडून द्यायची हे कळलं नाही की धर्मशास्त्रात असा घोटाळा होतो.

ऋणलेख फाडला, की कर्ज फेडलं?

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेत पापं नाहीत, ऋणं आहेत. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडतो तशी तू आमची ऋणं सोड. लूककडे तिथे पापं आहेत. येशूच्या घरच्या आरामाईक भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा, त्यामुळे हा फरक पडला. येशूचा प्रेषित पौल याच्या नावावरच्या कलस्सैकरांस पत्रात तर चक्क ऋणलेख रद्द करून क्रुसाला ठोकल्याचं चित्र आहे.

यावर पक्की इमारत बांधली ती कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने, १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात. त्याची मांडणी जामीनदारासारखी आहे. अपमान झाला तो अमर्याद देवाचा, म्हणून भरपाईही अमर्याद हवी. ऋणको माणूस, तेव्हा भरायचं माणसाने. पण माणसाची पत तेवढी नाही, ती फक्त देवाची. म्हणजे भरणारा एकाच वेळी देव आणि माणूस असायला हवा. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकांनी या हिशेबात सरंजामी मानापमानाऐवजी न्यायालय आणलं. आरोपीची शिक्षा दुसऱ्याने भोगली.

सर्वांत धारदार आक्षेप त्याच शतकातल्या इटालियन फाउस्टो सोझिनी याचा. सावकाराने कर्ज माफ केलं तर ते फेडावं लागत नाही. फेडलं असेल तर माफ केलं म्हणता येत नाही. दोन्ही एकदम कसं? उत्तर असं दिलं जातं की इथे फेडणारा तिऱ्हाईत नाही. ज्याचं येणं आहे तोच खिशातून भरतो आहे, आणि नुकसान स्वतः सोसणं हाच माफीचा अर्थ. पतपेढीने कर्ज बुडीत खाती टाकलं तरी रक्कम हवेत विरत नाही, कोणाच्या तरी ताळेबंदात ती बसतेच. उत्तर बऱ्यापैकी टिकतं. मात्र ‘चिडलेल्या बापाला मुलाचं रक्त हवं होतं’ अशा थाटात जी प्रवचनं होतात त्यांना ते मुळीच लागू पडत नाही, कारण तिथे बाप आणि मुलगा दोन वेगळे पक्ष केलेले असतात.

बाराव्या शतकात आबेलार्ड या फ्रेंच पंडिताने हिशेबच बाजूला ठेवला. क्रुसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, तेच तारण, असा त्याचा रोख. ऐकायला गोड. पण बुडणाऱ्याला किनाऱ्यावरून नुसतं प्रेम दाखवून तो वाचत नाही, एवढं विरोधकांनी सुनावलंच.

मग माणसाने हात हलवायचा की नाही?

सगळं देवच करत असेल तर माणसाने काय करायचं? यासाठी बायबलातलं एक पान नीट वाचावं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. कैदी पौलाला घेऊन रोमकडे निघालेलं जहाज वादळात सापडतं. जहाजावर माणसं २७६. पौलाला देवदूत सांगतो, एकाचाही जीव जाणार नाही, फक्त जहाज जाईल. म्हणजे निकाल लागलेला आहे.

चौदाव्या रात्री खलाशी बुडीद टाकून पाणी मोजतात. वीस वाव. पुन्हा टाकतात, पंधरा वाव. खडकावर आदळू या भीतीने वरामावरून, म्हणजे मागच्या टोकावरून, चार नांगर सोडतात. मग काही खलाशी पुढच्या नाळीवरूनही नांगर टाकायच्या मिषाने लहान होडी खाली सोडू लागतात. बेत पळायचा. पौल शिपायांच्या अंमलदाराला सांगतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. इथे वाचण्याला तेच ‘सोझो’ आहे. शिपाई दोर कापतात आणि होडी वाहून जाते. सकाळी सगळे पोटभर खातात, उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात. जहाज रुततं, वराम लाटांनी फुटतो. पोहता येणारे उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर, तुकड्यांवर तरंगत मिलिता बेटाला, म्हणजे माल्टाला, लागतात. २७६ च्या २७६.

कोणीच मरणार नाही हे वचन आणि खलाशी गेले तर तुम्ही वाचणार नाही ही ताकीद, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी, सात-आठ ओळींच्या अंतराने. तारण देवाचं असूनही माणसाचे हात का चालतात, ते याहून चांगलं कुठल्याच व्याख्येत सापडणार नाही.

व्याख्यावाल्यांची भांडणं थोडक्यात. ऑगस्टीनच्या काळातला पेलागियस हा तपस्वी म्हणाला, माणूस मनात आणलं तर चांगलं वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, ती मनात आणण्याची शक्तीसुद्धा कृपेची, म्हणजे देवाने न मागता दिलेल्या देणगीची. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत फेटाळलं. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांतही असाच वाद झाला. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं, मांजरीचं पिल्लू आईच्या तोंडात नुसतं लोंबतं, तर भक्त कोणासारखा? ऑगस्टीन मांजरवाला. पेलागियसचं पिल्लू स्वतःच्या पायांनी झाड चढणारं.

ल्यूथरने १५२२ च्या जर्मन अनुवादात रोमकरांस पत्रातल्या एका ओळीत ‘केवळ’ हा शब्द घातला. माणूस नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने. ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दयोजना बायबलात एकाच ठिकाणी आहे, याकोबाच्या पत्रात, आणि तिथे तिच्याआधी नकार आहे. कॅथलिकांनी १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं की सुरुवात कृपेनेच होते, पण ती माणसाला आतून बदलते आणि त्याने तिला साथ द्यायची असते. खरा फरक एवढा, ल्यूथरकडे न्यायाधीशाने आरोपीला निर्दोष घोषित केलं, तर ट्रेंटमध्ये वैद्याने रोग्याला बरं करायला घेतलं. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूळ गाभ्यावर एकमत आहे आणि राहिलेल्या फरकांवरून एकमेकांना बहिष्कृत करायचं कारण नाही, असं तिचं सार.

विसार दिला, ताबा बाकी

आता सुरुवातीच्या शंकेकडे. तारण झालं की व्हायचंय? नव्या करारात तिन्ही काळ आहेत, झालं आहे, होत आहे, होईल. पौल यासाठी ‘अर्राबोन’ हा बाजारातला शब्द वापरतो आणि मराठी बायबलाने त्याला नेमका प्रतिशब्द शोधला आहे, विसार. आंब्याची बाग घेताना विसार दिला की सौदा ठरला. बाग अजून ताब्यात नाही, खरेदीखत व्हायचं आहे. पण आता विकणारा तिसऱ्याशी बोलणी करू शकत नाही. पवित्र आत्मा हा तसा विसार, असं पौलाचं म्हणणं. बाप्तिस्मा घेतलेला माणूस या मधल्या मुदतीत जगत असतो.

मुदतीत सौदा मोडतो का? कॅल्व्हिनचे अनुयायी म्हणतात, देणारा देव आहे, मोडत नाही. कॅथलिक म्हणतात, देव मोडत नाही, माणूस मोडू शकतो. म्हणून त्यांच्याकडे पापनिवेदनाचा, म्हणजे फादरपाशी पाप कबूल करून क्षमा घेण्याचा, संस्कार.

माफी मिळाली, जाळं फाटकंच

मेणबत्त्यांचं कोडं सुटायला कॅथलिक शिकवणीतला एक भेद लागतो, दोष आणि दंड. ट्रॉलर भरकटला आणि कोणाचं तरी जाळं फाडून गेला. तांडेल येऊन माफी मागतो, जाळंवाला मनापासून माफ करतो, वैर संपतं. तरी जाळं फाटकंच असतं आणि ते विणून द्यायला दिवस जातात. दोष गेला, दंड राहिला. हे विणकाम जिवंतपणी पुरं झालं नाही तर ते मरणानंतर जिथे पुरं होतं, ती अवस्था म्हणजे शुद्धिस्थान, गोव्याच्या कोंकणीत पुर्गातोर.

इथे दोन गैरसमज पक्के बसलेले असतात. शुद्धिस्थान ही दुसरी संधी नाही. तिथल्या प्रत्येकाचं तारण निश्चित आहे, प्रार्थना त्यांच्या विणकामाला हातभार म्हणून. आणि दंडमाफी म्हणजे पापाची परवानगी नाही. ती माफ झालेल्या पापाच्या उरलेल्या दंडापुरती असते. १५१७ मध्ये ल्यूथर उसळला तो ही माफी पैसे घेऊन वाटली जात होती म्हणून. पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये रद्द केल्या.

आज नियम असा आहे. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी, अगदी मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केली तर पूर्ण दंडमाफी, आणि ती फक्त मृतांच्या नावे. दिवसाला एकच. सोबत पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा (मिसेतल्या पवित्र भाकरीचा) स्वीकार आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. पापनिवेदन सुमारे वीस दिवस मागेपुढे चालतं. लोक अडतात ते शेवटच्या अटीवर, मनात लहानशा पापाचीही ओढ उरता कामा नये. ती अट पुरी झाली नाही तर माफी पूर्ण न राहता अंशतः होते.

प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. मृतांसाठी प्रायश्चित्तबळी देण्याचा उल्लेख मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक त्यांच्या बायबलातच नाही. पुस्तकांची यादी वेगळी, म्हणून दफनभूमीतली रीतही वेगळी.

मराठीत सांगायचं तर

जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, तेही रोमन लिपीत. त्याच्यापुढे अडचण होती शब्दांची. मुक्ती म्हणावं तर जन्ममरणाचा फेरा मागून येतो. परका पोर्तुगीज शब्द आणावा तर ओवी कोसळते. त्याने धोका पत्करला आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. विष्णूला बाहेर ठेवून त्याचं घर घेतलं म्हणा ना! ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले असणार.

इंग्रज लेखक बनियनची तारणाची रूपककथा हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणली. तिथे तारण म्हणजे पाठीवरचं ओझं, क्रुसापाशी आपोआप गळून पडणारं. गंमत अशी की ओझं पडल्यावरही खूप चालायचं उरतं. विसाराचीच गोष्ट.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये जन्मलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मात्र न्यायालय आणि सावकारी दोन्ही ओलांडली. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्यांचा ख्रिस्त माउली आहे. आईच्या कडेवरच्या लेकराला जामीन लागत नाही. अन्सेल्मच्या चिरेबंदी युक्तिवादापेक्षा हे चित्र मराठी कानाला जवळचं, पण त्यात पापाचं गांभीर्य पातळ होतं का, हा प्रश्न उरतो. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

सिंधूच्या काठी जन्मलेला माणूस

शेवटचा आक्षेप सर्वांत जड. ज्यांनी ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही, त्यांचं काय?

फ्रान्सिस झेवियर, ज्याच्या शवाचं दर्शन घ्यायला नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात रांगा लागल्या होत्या, त्याने १५५२ च्या पत्रात जपानमधली एक गोष्ट लिहिली आहे. नवे ख्रिस्ती विचारत, आमचे वाडवडील कुठे आहेत? त्यांच्यासाठी काही करता येईल का? उपाय नाही, असं उत्तर मिळाल्यावर ते रडत. आपल्यालाही त्यांचं वाईट वाटतं, असं तो लिहितो, पण उत्तर बदलत नाही. त्या काळचं शिक्षण तेवढंच होतं. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वेगळं लिहिलं. स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्त माहीत नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, तेही ख्रिस्तामुळेच. प्रोटेस्टंटांत यावर आजही एकमत नाही.

हा प्रश्न त्या परिषदेच्या साडेसहाशे वर्षं आधी एका इटालियन कवीने विचारला होता आणि त्यासाठी त्याला उदाहरण आपलंच सापडलं. दान्तेच्या महाकाव्यात, स्वर्गाच्या भागात, प्रश्न असा येतो. सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मतो, तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारं कोणी नाही, त्याचं वागणं बोलणं निर्दोष, तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कसला? उत्तरात आधी झिडकारणं मिळतं, वीतभर दृष्टीच्या माणसाने हजार मैलांवरचा निवाडा करू नये. मग पुढच्याच सर्गात दान्ते स्वर्गात रिफेउस नावाचा एक ट्रोजन योद्धा दाखवतो, ख्रिस्ताच्या हजारभर वर्षं आधीचा. प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात या रिफेउसला ट्रोजनांतला सर्वांत न्यायी माणूस म्हणणारी एखाददुसरी ओळ आहे, बाकी काही नाही. तेवढ्यावर दान्तेने त्याला आत घेतलं. आणि ती ओळ लिहिणारा व्हर्जिल, ज्याने दान्तेला नरकातून आणि शुद्धिस्थानातून वाट दाखवत वर आणलं, तो मात्र दारापासून मागे फिरला.